भाषण झाले, नोंद काय राहिली?

सचिन तेंडुलकर २०१२च्या एप्रिलमध्ये राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेला आणि २०१८च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाला. या सहा वर्षांच्या हिशेबात त्याच्या नावापुढे 'चर्चेतील सहभाग' या रकान्यात शून्य आहे. क्रिकेटमधल्या त्याच्या कुठल्याही शून्यावर झाली नसेल एवढी चर्चा या शून्यावर झाली. खासदारकी शोभेसाठी होती का, एवढी गैरहजेरी चालते कशी, नियुक्त सदस्य हवेतच कशाला, असे प्रश्न वर्तमानपत्रांनी वेळोवेळी विचारले. ते गैर होते असे नाही. पण त्या शून्यात २१ डिसेंबर २०१७ हा दिवसही बसलेला आहे, आणि तो रकान्यात दिसत नाही.

त्या दिवशी खेळण्याचा हक्क आणि देशातल्या खेळांचे भवितव्य या विषयावरची अल्पकालीन चर्चा सचिनने सुरू करायची होती. राज्यसभेतले त्याचे ते पहिले भाषण ठरणार होते. तो उभा राहिला. पण गुजरातच्या प्रचारात पंतप्रधानांनी मनमोहन सिंग यांच्याविषयी केलेल्या विधानावरून सभागृहात गोंधळ सुरू होता. सभापती व्यंकय्या नायडू शांत राहण्याचे आवाहन करत होते, सचिन उभाच होता, आणि शेवटी कामकाज तहकूब झाले. दुसऱ्या दिवशी त्याने तेच भाषण कॅमेऱ्यासमोर करून फेसबुकवर टाकले. लाखो लोकांनी ते पाहिले. राज्यसभेच्या लेखी मात्र ते झालेलेच नाही.

म्हणजे एका शून्यात दोन गोष्टी मिसळल्या: जो बोलायला आलाच नाही तो, आणि आला, उभा राहिला, पण ज्याला बोलू दिले गेले नाही तो. खासदाराच्या भाषणांचा लेखाजोखा वाचायचा तर पहिली अडचण इथेच येते. आकडा हाती लागतो आणि आकड्यामागचे पान वाचायचे राहून जाते.

हे पान तयार कसे होते ते आधी पाहू. राज्यसभेची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी झाली. तेव्हापासून सभागृहात उच्चारलेला शब्दन्‌शब्द लिहून ठेवला जातो. सभागृहाच्या मध्यभागी, सभापतींच्या आसनासमोरच्या टेबलाशी, सचिवालयाचे रिपोर्टर बसतात. आपल्या विधिमंडळात त्यांना प्रतिवेदक म्हणतात. हे लघुलेखनात तयार झालेले लोक. एकजण पाचेक मिनिटे टिपून घेतो, दुसरा त्याची जागा घेतो, आणि पहिला जाऊन आपला मजकूर टंकलिखित करू लागतो. त्याच दिवशी प्रसिद्ध होणाऱ्या कच्च्या प्रतीत या पाळ्यांच्या खुणा उघड दिसतात: मधेच वेळ टाकलेली असते, रिपोर्टरची आद्याक्षरे असतात आणि मजकूर पुढच्या पाळीत चालू असल्याची सूचना असते. वाक्य अर्ध्यावर असताना पाळी बदलली तर वाक्यही अर्ध्यावरच तुटते आणि पुढच्या पानावर जुळते. या प्रतीच्या माथ्यावर 'असंशोधित, प्रसिद्धीसाठी नाही' असा शेरा असतो. अर्थात अनेक पत्रकार बातमी तिच्यावरूनच करतात.

मग सदस्याकडे त्याच्या भाषणाची प्रत जाते. ऐकण्यातली चूक, नावातली चूक, एखादा आकडा त्याने दुरुस्त करायचा. भाषण सुधारून नव्याने लिहायचे नाही. रागाच्या भरात गेलेले वाक्य दुसऱ्या दिवशी गुळगुळीत करून देण्याचा मोह कुणाला होत नसेल? तो मोह अडवण्यासाठीच हा नियम आहे.

भाषेचाही प्रश्न असतो. कामकाज मुख्यतः हिंदी आणि इंग्रजीत चालते. इतर भाषेत बोलायचे तर आधी कळवावे लागते, म्हणजे दुभाष्या हजर ठेवता येतो. मराठीसाठी ही सोय आधीपासून होती. कोकणीसह डोगरी, काश्मिरी, संथाळी आणि सिंधी या पाच भाषांची भर २०१८ साली पडली आणि आठव्या अनुसूचीतल्या बाविसाच्या बावीस भाषा पूर्ण झाल्या. अशा भाषणाचा नोंदीत बहुतेक वेळा अनुवाद सापडतो, आणि मूळ भाषण अमुक भाषेत झाल्याची तळटीप. मराठीत ठसक्यात मारलेला टोमणा इंग्रजी अनुवादात किती उरतो, हे ज्याने ते भाषण प्रत्यक्ष ऐकले त्यालाच विचारावे.

ही शब्दशः नोंद आज आपल्याला गृहीत वाटते, पण ती तशी जुनी नाही. अठराव्या शतकात ब्रिटिश संसदेतली भाषणे छापणे हाच सभागृहाच्या हक्कांचा भंग होता. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने त्यावर पळवाट काढली आणि 'लिलिपुटच्या सिनेटमधील चर्चा' अशा नावाखाली त्या छापल्या. १७४१ ते १७४४ या काळात हे काम सॅम्युअल जॉन्सन करत होता, तोच कोशकार जॉन्सन. तो संसदेत जवळपास जातच नसे. कोण कोणत्या बाजूने बोलले एवढी टिपणे हाती यायची, बाकीचे वक्तृत्व त्याचे स्वतःचे. पुढे एका मेजवानीत कुणीतरी पिटच्या एका भाषणाची तोंडभरून स्तुती केली, तेव्हा ते भाषण आपण एका माळ्यावरच्या खोलीत बसून लिहिल्याचे जॉन्सनने सांगून टाकले. पुढे कॉबेटने आणि हॅन्सार्ड या मुद्रकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चर्चा नियमित छापायला घेतल्या. संसदेने स्वतःचे रिपोर्टर नेमून शब्दशः अहवाल काढणे १९०९ साली सुरू केले. मुद्रकाचे आडनाव त्या अहवालाला चिकटले ते कायमचे.

आपल्याकडच्या नोंदीत कल्पनाशक्तीला वाव नाही. कात्रीला मात्र आहे. राज्यसभेच्या नियमावलीतला २६१वा नियम सभापतींना अधिकार देतो: बदनामीकारक, अश्लील, असंसदीय किंवा सभागृहाच्या प्रतिष्ठेला न शोभणारा शब्द त्यांना कामकाजातून वगळता येतो. त्या जागी फुली किंवा तारका छापली जाते आणि पानाच्या तळाशी आसनाच्या आदेशाने वगळल्याची टीप येते. ही कात्री लहानमोठे पाहत नाही. ६ फेब्रुवारी २०२० रोजी खुद्द पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या भाषणातला एक शब्द सभापतींनी काढून टाकायला लावला आणि विरोधी पक्षनेते गुलाम नबी आझाद यांच्या बोलण्यातलाही.

वगळलेला शब्द छापला तर? याचे उत्तर 'सर्चलाइट' खटल्याने दिले. पाटण्याच्या 'सर्चलाइट' या दैनिकाने १९५७ साली बिहार विधानसभेतल्या एका भाषणाचा वृत्तान्त वगळलेल्या मजकुरासकट छापला. संपादकांवर हक्कभंगाची कारवाई सुरू झाली, ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५८ मध्ये हरले. सभागृहाचा विशेषाधिकार मोठा ठरला. आता कामकाज थेट दूरचित्रवाणीवर दिसते. वगळण्याचा आदेश सुटेपर्यंत तो शब्द हजारो मोबाइलमध्ये पोचलेला असतो आणि तो नाही फक्त एका ठिकाणी, अधिकृत पानावर. पन्नास वर्षांनी संशोधन करणाऱ्याला हे दोन्ही पुरावे समोर ठेवून बसावे लागेल.

वगळण्याहून जास्त मजकूर मुळात नोंदला न गेल्यामुळे हरवतो, आणि माझ्या मते तो तोटा मोठा आहे. आसनाच्या परवानगीवाचून बोललेले काहीही नोंदीत जाणार नाही, असे पीठासीन अधिकारी जाहीर करतात आणि त्यानंतर पानोपानी एकच शब्द उरतो: …(व्यवधान)… गोंधळ कशावरून होता, कोण काय ओरडले, कोणता प्रश्न रास्त होता आणि कोणता आचरट, सगळे त्या एका कंसात गडप. पूर्वी असे नव्हते. पूर्वीच्या खंडांत मधेच टोकणाऱ्याचे नाव, त्याचे वाक्य, त्यावरचे उत्तर, कधी 'हशा' अशी नोंद, हे सगळे ओळीने छापलेले मिळते. याने काय फरक पडतो ते एकाच सदस्याच्या पानांवरून दाखवता येईल. तो सदस्य म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेब राज्यसभेत होते हे बऱ्याच वाचकांच्या ध्यानातच नसते. घटना समिती, मंत्रिपद, हिंदू कोड बिल, राजीनामा आणि मग थेट १९५६चे धर्मांतर, अशी उडी आपण मारतो. मधली साडेचार वर्षे राज्यसभेतली आहेत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकर यांच्याकडून ते लोकसभेला हरले. त्यानंतर मुंबई राज्याच्या विधानसभेने त्यांना वरिष्ठ सभागृहावर निवडून दिले. एप्रिल १९५२ पासून ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन होईपर्यंत ते तिथले सदस्य होते. मधे १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत जाण्याचा प्रयत्न केला, तोही फसला.

त्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर ऑक्टोबर १९५१ मध्ये त्यांना तेव्हाच्या हंगामी संसदेत निवेदन करायचे होते. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी निवेदनाची प्रत आधी मागितली. बाबासाहेबांना ती अट अपमानाची वाटली. ते सभागृहातून निघून गेले आणि निवेदन त्यांनी वर्तमानपत्रांना देऊन टाकले. हिंदू कोड बिल का बुडाले, परराष्ट्र धोरणात काय चुकते, दलितांच्या संरक्षणाबाबत सरकार उदासीन का, हे सगळे ज्यात आहे असे ते निवेदन देशभर वाचले गेले. सभागृहातले भाषण म्हणून मात्र त्याची नोंद नाही.

राज्यसभेत आले तेव्हा ते विरोधी बाकांवर होते आणि प्रकृतीने खचलेले होते. तरी पाने वाचताना थकवा कुठे जाणवत नाही. मे १९५२ मध्ये अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी लष्करावरचा खर्च धरला आणि परराष्ट्र धोरणाशी त्याचा संबंध जोडून दाखवला. ऑगस्ट १९५४ मध्ये परराष्ट्र धोरणावरच्या चर्चेत ते पंचशीलावर बोलले. पंचशील हा बौद्ध धर्माचा गाभा आहे. माओ यांची त्यावर खरोखर श्रद्धा असती तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा सवाल होता. तिबेटवर चीनचा ताबा मान्य करून आपण आपली सरहद्द चीनला भिडवली, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. १९६२ला अजून आठ वर्षे होती.

त्याच वर्षीच्या १६ सप्टेंबरचे भाषण मला या सगळ्यांत जास्त आवडते. विषय होता अस्पृश्यता (गुन्हे) विधेयक. बाबासाहेबांनी सुरुवात केली ती विधेयकाच्या नावापासून. हे नाव ऐकून लोकांना वाटेल, प्रकरण किरकोळ आहे. धोब्याने कपडे धुतले नाहीत, न्हाव्याने हजामत केली नाही, मिठाईवाल्याने लाडू विकले नाहीत, असल्या बारीकसारीक गोष्टींत संसदेने वेळ का घालवावा? प्रत्यक्षात हे मूलभूत हक्कांच्या रक्षणाचे विधेयक आहे आणि नावातही नागरी हक्कांचे संरक्षण दिसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. नाव बदलले नाही. कायदा १९५५ साली जुन्याच नावाने झाला. पुढे १९७६ साली दुरुस्ती झाली तेव्हा त्याचे नाव झाले 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम'. भाषणांच्या तक्त्यात या भाषणाची किंमत एक. दुसऱ्या कुणी दोन मिनिटे उठून विधेयकाला नुसता पाठिंबा दिला असेल, त्याचीही एक.

आता त्या वाक्याकडे येऊ, जे दर काही महिन्यांनी कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर येतेच. घटना जाळणारा पहिला माणूस मी असेन, असे बाबासाहेबच म्हणाले होते. हे खरे आहे, आणि ते राज्यसभेतच म्हणाले. तारीख २ सप्टेंबर १९५३, चर्चा आंध्र राज्य विधेयकावर. पोट्टी श्रीरामुलू यांचे उपोषणात निधन झाल्यावर भाषेच्या पायावरचे पहिले राज्य निर्माण होत होते. बाबासाहेबांची भीती वेगळी होती. भाषावार राज्यात एखादी मोठी जात सत्ता, जमीन आणि नोकऱ्या अशा सगळ्यांवर बसेल, मग गावकुसाबाहेरच्या माणसाने दाद कुणाकडे मागायची? अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी राज्यपालाला खास अधिकार असावेत, अशी त्यांची मागणी होती. सरकार पक्षाला हे लोकशाहीविरोधी वाटत होते. मग नेहमीचा टोला आला: घटना तर तुम्हीच केली! त्यावर ते उसळले. आपण सांगतील ते लिहून देणारे भाडोत्री होतो, मनाविरुद्ध पुष्कळ केले, असे म्हणाले. बाकांवरून उलट प्रश्न आले, गरमागरमी झाली. त्याच भाषणात ते जाळण्याचे वाक्य आहे: ही घटना मला नको, ती कुणालाच मानवत नाही.

वाक्य तिथे संपत नाही, आणि मोबाइलवर ते नेमके तिथेच संपवलेले असते. पुढचा भाग असा आहे, की लोकांना ती चालवायचीच असेल तर बहुसंख्य आहेत तसे अल्पसंख्यही आहेत हे विसरू नका. तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीला धोका, असे म्हणून त्यांना झटकून टाकता येणार नाही. सगळ्यात मोठा धोका अल्पसंख्याकांना दुखावण्यातच आहे. सगळे भाषण संरक्षणाच्या तरतुदी वाढवा म्हणून चालले आहे. संतापाच्या एका वाक्यावरून त्यांना घटनेचे शत्रू ठरवणारे आणि ते असे बोललेच नाहीत म्हणून हमरीतुमरीवर येणारे, दोघांनीही हे पान उघडलेले नसते.

गोष्ट इथे थांबली असती तर आपल्या हाती एक कोडे उरले असते. तिचा दुसरा अंक दीड वर्षाने झाला, १९ मार्च १९५५ रोजी, घटनेच्या चौथ्या दुरुस्तीवर. विषय होता मालमत्तेचा हक्क आणि सरकारने जमीन घेतली तर भरपाई किती, हा. बाबासाहेबांनी कलम ३१ची जन्मकथा सांगायला घेतली. हे कलम मसुदा समितीचे अपत्य नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगून टाकले. काँग्रेसमध्येच तीन मते होती: नेहरूंना भरपाई द्यायचीच नव्हती, पटेलांना पुरती द्यायची होती, आणि पंतांना आपले जमीनदारी निर्मूलनाचे काम सुखरूप पार पडलेले हवे होते. तडजोडीतून जे निघाले ते इतके कुरूप, की आपल्याला त्याच्याकडे पाहवत नाही. घटनेचा कुठला भाग कुणाच्या दबावाने कसा घडला, हे घटनेच्या शिल्पकाराच्या तोंडून इतक्या मोकळेपणाने फार कमी ठिकाणी मिळते.

एवढ्यात डॉ. अनुप सिंग या सदस्यांनी मधेच आठवण करून दिली, की मागच्या वेळी तुम्ही घटना जाळीन म्हणाला होता. आसनाची परवानगी घेऊन विचारलेला प्रश्न नव्हे हा, जागेवरून आलेला अडथळा. आजच्या नोंदीत याचे बहुधा 'व्यवधान' झाले असते. बाबासाहेबांनी तो अंगावर घेतला. मागे घाईत कारण सांगायचे राहिले, आता संधी मिळाली आहे तर सांगतो, म्हणाले. कारण असे: देव येऊन राहावा म्हणून आम्ही देऊळ बांधले, पण देवाची प्रतिष्ठापना होण्याआधीच त्यात सैतान शिरून बसला, तर देऊळ पाडण्यावाचून दुसरे काय करणार? असुरांनी राहावे म्हणून ते बांधले नव्हते, देवांसाठी बांधले होते.

यावर बी. के. पी. सिन्हा या बिहारच्या सदस्याने जागेवरूनच सुचवले, की मग देऊळ कशाला पाडता, सैतानाला मारा. उत्तर तयार होते. ते तुमच्याने होणार नाही, तेवढे बळ आपल्यात नाही. शतपथ ब्राह्मण वाचा, असुरांनी देवांना नेहमी हरवलेले दिसेल, कारण अमृत असुरांकडे होते आणि तगून राहायला देवांना ते त्यांच्याकडून काढून घ्यावे लागले.

दोन टोकणारे आणि दोन उत्तरे. १९५३चे वाक्य ज्याने उचलले आणि १९५५चा हा संवाद वाचला नाही, त्याने भाषणाचा निम्मा भाग वाचला. आणि हा दुसरा निम्मा भाग अनुप सिंगांनी टोकले म्हणून घडला, आणि रिपोर्टरने ते टोकणे लिहून घेतले म्हणून आपल्यापर्यंत आला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी दिलेला इशाराही इथे ताडून पाहता येतो. घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट निघाले तर तीही वाईटच ठरेल, असे ते तेव्हा म्हणाले होते. देव, सैतान आणि देऊळ ही त्याच म्हणण्याची पाच वर्षांनंतरची, जास्त कडवट आवृत्ती आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या पंधराव्या खंडात ही सगळी पाने मधल्या टोकाटोकीसह मिळतात. संपादक वसंत मून यांचे हे काम किती मोलाचे, ते असल्या वेळी कळते.

आता पुन्हा आकड्यांकडे, कारण निवडणुका आल्या की खासदारांची प्रगतिपुस्तके निघतातच. प्रश्न इतके, चर्चा इतक्या, हजेरी इतके टक्के. या रकान्यांत काय बसत नाही ते माहीत असावे. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरे देतात. त्यामुळे मंत्री झालेल्या खासदाराचा तक्ता कोरा दिसतो. उपसभापतींचेही तसेच, चर्चा चालवणे हेच त्यांचे काम. चर्चेला किती तास द्यायचे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि तो वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो. मोठ्या पक्षात वेळ भरपूर, पण बोलणार कोण हे पक्ष ठरवतो. एकांड्या सदस्याला बोलायला मिळते ते संध्याकाळी, रिकाम्या बाकांसमोर, घंटा वाजेपर्यंतची तीन-चार मिनिटे. दोघांचे आकडे शेजारी मांडून तुलना करणे हा पोरखेळ आहे.

प्रश्नांचेही प्रकार आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. असे दिवसाला पंधराच यादीत असतात. अतारांकित एकशेसाठपर्यंत असतात, त्यांची उत्तरे लेखी येतात आणि ती सभागृहात कुणी वाचत नाही. शंभर अतारांकित प्रश्नांपेक्षा मंत्र्याला अडचणीत आणणारा एक उपप्रश्न भारी पडू शकतो. तक्ता दोन्हींना प्रश्नच म्हणतो. शून्य प्रहरात एकाने तीन मिनिटांत विषय मांडला की बाकीचे 'मी याच्याशी स्वतःला संबद्ध करतो' एवढेच म्हणतात आणि त्यांची नावे ओळीने नोंदली जातात. ती नावे वाचण्यासारखी असतात, कारण एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांचे लोक तिथे एका खाली एक सापडतात. पण त्यांना भाषण म्हणता येणार नाही.

सचिनवर झालेली टीका चुकीची होती असे यातून कुणी समजू नये. सहा वर्षांत बोलायचे दिवस पुष्कळ होते आणि तो क्वचितच फिरकला. प्रश्न त्याने विचारले, ते बहुतेक लेखी उत्तराचे. पण त्याच्या शून्याचा निकाल लावायलाही पान उघडावे लागते आणि २१ डिसेंबरला सभागृहात काय चालले होते ते पाहावे लागते.

पान उघडणे आता अवघड राहिलेले नाही. राज्यसभेच्या १९५२ पासूनच्या चर्चा संगणकावर आल्या आहेत. सदस्याचे नाव, तारीख किंवा विषय टाकून शोधता येतात, फुकट. महाराष्ट्रातून १९ आणि गोव्यातून १ सदस्य तिथे जातो. यातला एक निवडा आणि त्याचे एकच भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, त्याच्या आधीचा वक्ता आणि नंतरचे मंत्र्याचे उत्तर यांच्यासह. आणि कुणी एखादे वाक्य पाठवून अमुक नेता संसदेत असे बोलला म्हणून सांगितले, तर त्याच्याशी वाद घालण्याआधी तारीख मागा.